अफूचं शहर आणि ०.१ मिलिग्रॅम

ज्यांना पाऊण तास ऐकायला वेळ नसतो त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग. बोलताना झालेली बडबड थोडी कापली आहे, सगळी नाही.

आजचा विषय तुमच्यापैकीच काहींनी सुचवला. सिझरच्या वेळी पाठीत जे इंजेक्शन देतात, त्याचा इतिहास. मी डॉक्टर नाही, मुलुंडला राहते, पवईला नोकरी करते आणि दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधते. तेव्हा यातलं काहीही औषधोपचाराचा सल्ला म्हणून घेऊ नका. इतिहास म्हणून घ्या.

सुरुवात मात्र ऑपरेशन थिएटरमधून नाही, माहीमच्या खाडीवरून करायची आहे.

अंधेरी-बोरिवलीकडच्या लोकांनी दादर-माटुंग्याहून गाडीने घरी येताना माहीम कॉजवे हजार वेळा ओलांडला असेल. १८४० च्या दशकात तो बांधला गेला तेव्हा सरकार पैसे द्यायला तयार नव्हतं. जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाखाहून जास्त रुपये स्वतः दिले. तोवर माहीमहून वांद्र्याला जायचं म्हणजे होडी. म्हणजे साष्टी बेट, ज्यावर आजची आपली सगळी उपनगरं पसरली आहेत, ते पश्चिमेच्या बाजूने मुंबईला रस्त्याने जोडलं गेलं ते या घराच्या पैशाने. आणि या घराच्या पैशात मोठा वाटा होता माळव्याच्या अफूचा.

हे काही गुपित नाही. इंदूर, ग्वाल्हेर वगैरे संस्थानांच्या मुलखात पिकणारी अफू पेट्यांमध्ये भरून मुंबईला यायची आणि इथून जहाजाने चीनला जायची. आधी कंपनी सरकारने हा माल अडवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग परवाना-शुल्क लावून त्यातूनच कमाई सुरू केली. पारशी, गुजराती, मारवाडी, बगदादी ज्यू असे सगळे व्यापारी या धंद्यात होते. जमशेटजी हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव, आणि चीनमधल्या जार्डिन मॅथेसन कंपनीशी त्यांचे घट्ट संबंध. इतिहासकार अमर फारुकी यांच्या पुस्तकाचं नावच 'ओपियम सिटी' आहे, आणि ते मुंबईबद्दल आहे. १८४५ मध्ये सुरू झालेलं जे. जे. हॉस्पिटल जमशेटजींच्याच देणगीतून उभं राहिलं. चीनमध्ये माणसं व्यसनाने खंगत होती आणि इथे त्याच पैशातून दवाखाना उभा राहत होता. मला यावर झटकन निकाल देता येत नाही. देणाऱ्याचा हात मोठा होता हे खरं, पैसा कुठून आला हेही खरं.

अफू घराघरातही होती. गिरणगावात आया कामावर जाताना तान्ह्या बाळांना शांत झोपवायला 'बाळागोळी' द्यायच्या, त्यात अफू असायची. १९२० च्या दशकात मुंबई सरकारच्या लेडी डॉक्टरने गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा ही सवय किती पसरली आहे ते कागदावर आलं. म्हणजे या शहरात बाळंतिणीच्या घरी अफू होती, फक्त ती बाळाच्या तोंडात जात होती. आईच्या दुखण्यासाठी कोणी ती मोजून-मापून दिल्याची नोंद मला तरी कुठे भेटली नाही.

आता थोडं युरोपात जाऊ.

अफूतून मॉर्फिन वेगळं काढलं ते सेर्टुर्नर नावाच्या जर्मन औषधविक्याच्या मदतनिसाने, १८०५ च्या आसपास. पाठीच्या मणक्यांमधून सुई घालून मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढता येतं हे कील शहरातल्या हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये दाखवलं. आणि त्याच कीलमध्ये १८९८ च्या ऑगस्टमध्ये ऑगस्ट बिअर या सर्जनने त्या जागेत कोकेन सोडून कमरेखालचं शरीर बधिर केलं.

बिअरची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. काही रुग्णांवर प्रयोग केल्यावर त्याला वाटलं, हे स्वतःवर करून बघावं. त्याचा सहायक हिल्डेब्रांट याने बिअरच्या पाठीत सुई घातली, पण सिरिंज सुईला नीट बसेचना. इंटरफेस मिसमॅच! पाठीतलं पाणी गळत राहिलं, प्रयोग फसला. मग भूमिका बदलल्या. हिल्डेब्रांटला इंजेक्शन नीट लागलं, आणि बिअरने त्याच्या नडगीवर हातोडी मारून, सिगारने चटका देऊन, आणखीही काही इथे न लिहिण्यासारखे प्रकार करून खात्री केली की त्याला काही जाणवत नाही. संध्याकाळी दोघांनी वाइन आणि सिगार घेऊन यश साजरं केलं. दुसऱ्या दिवसापासून डोकं फुटेल अशी वेदना. बिअर नऊ दिवस अंथरुणात होता. आडवं पडलं की बरं वाटायचं, उठून बसलं की ठणका.

ही डोकेदुखी लक्षात ठेवा, कारण ती आजही होते आणि तिचा मॉर्फिनशी संबंध नाही. सुईने पडलेल्या भोकातून पाणी गळतं, दाब कमी होतो, म्हणून ती होते. १९५१ मध्ये पेन्सिलच्या टोकासारखी सुई आली. ती पडदा कापत नाही, तंतू बाजूला सारते, त्यामुळे हा त्रास खूप कमी झाला. आपल्याकडे 'उशी घेऊ नकोस, मान उचलू नकोस, चोवीस तास सपाट पडून राहा' हे जे बाळंतिणीला दटावून सांगतात, त्याने डोकेदुखी टळत नाही हे अनेक अभ्यासांत दिसलंय. सुई कोणती वापरली याने फरक पडतो, उशीने नाही.

१९०० मध्ये बाझेलच्या ओस्कार क्राइस यांनी प्रसूतीच्या वेळी पाठीतलं इंजेक्शन वापरलं. १९०१ मध्ये रुमानियाचे सर्जन राकोविचानू-पितेश्त यांनी कोकेनमध्ये मॉर्फिन मिसळून पाठीत दिल्याचं पॅरिसमध्ये सांगितलं. त्याच वर्षी जपानमध्ये ओतोजिरो कितागावा यांनी पाठदुखीच्या रुग्णांना पाठीतून मॉर्फिन दिलं. म्हणजे कल्पना दोन देशांत, एकाच वर्षी, जवळपास सारखी. आणि मग पंचाहत्तर वर्षं शांतता. कुणाला पुढे न्यावंसं वाटलं नाही.

का? माझ्या मते साधं कारण आहे. ते चालतं हे दिसत होतं, पण का चालतं हे माहीत नव्हतं. तेव्हाची समजूत अशी की मॉर्फिन मेंदूवर काम करतं, माणूस गुंगतो, म्हणून दुखणं विसरतो. मग ते पाठीत देऊन वेगळा काय फायदा? सरळ दंडात द्या की.

ही समजूत १९७३ मध्ये ढासळली. अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूच्या ऊतींमध्ये अफूजन्य औषधं जिथे नेमकी चिकटतात त्या जागा, म्हणजे रिसेप्टर, दाखवले. न्यूयॉर्क आणि स्वीडनमधल्या गटांनीही त्याच वर्षी तेच दाखवलं. पुढे हे रिसेप्टर मज्जारज्जूतही सापडले, तेही नेमके तिथे जिथे शरीरातून आलेला वेदनेचा निरोप पुढच्या पेशीला दिला जातो. १९७६ मध्ये याक्श आणि रूडी यांनी उंदरांच्या मज्जारज्जूभोवती मॉर्फिन सोडून दाखवलं की उंदीर जागा आहे, चालतोय, पण वेदना जाणवत नाही. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या वांग आणि सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या आठ रुग्णांना पाठीत अर्धा ते एक मिलिग्रॅम मॉर्फिन दिलं, आणि जे दुखणं कशालाच दाद देत नव्हतं ते तासन्‌तास थांबलं.

माझ्या भाषेत सांगायचं तर आधी सगळे सर्व्हरवरच फिल्टर लावत होते. इथे निरोप निघतो त्या गल्लीतच अडवता आला. म्हणून इतका कमी डोस पुरतो.

आणि इथे उत्साहाची किंमत मोजावी लागली. १९७९ नंतर दोन-तीन वर्षांत जगभर पाठीतून मॉर्फिन देणं सुरू झालं, बरेचदा आजच्या कितीतरी पट डोसमध्ये. मग बातम्या यायला लागल्या. ऑपरेशन छान झालं, रुग्ण वॉर्डात गेला, आणि सहा, आठ, बारा तासांनी श्वास मंदावला. १९८२ मध्ये स्वीडनने देशभरातल्या अशा घटना गोळा करून छापल्या.

हा उशीर का होतो ते समजून घेण्यासारखं आहे. मॉर्फिनला पाणी आवडतं, चरबी नाही. त्यामुळे ते मज्जारज्जूत चटकन शिरत नाही, भोवतीच्या पाण्यात तरंगत राहतं आणि हळूहळू वर सरकत श्वासाचं नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या भागापर्यंत पोचतं. म्हणूनच त्याचा असर अठरा ते चोवीस तास टिकतो, आणि म्हणूनच धोका रात्री येतो. फेंटानिल उलट. त्याला चरबी आवडते, ते लगेच आत शिरतं, दोन-चार तासांत काम संपतं. मॉर्फिनचा गुण आणि दोष एकाच स्वभावातून येतात, वेगळे काढता येत नाहीत.

मग सिझरसाठी नेमका डोस किती? १९९९ मध्ये अमेरिकेत पामर आणि सहकाऱ्यांनी सिझर झालेल्या बायकांमध्ये शून्यापासून अर्ध्या मिलिग्रॅमपर्यंत वेगवेगळे डोस देऊन पाहिले. ०.१ मिलिग्रॅमच्या पुढे दुखणं आणखी कमी झालं नाही. खाज मात्र डोसबरोबर वाढत गेली. ०.१ मिलिग्रॅम! दंडात देतात त्या दहा मिलिग्रॅमच्या शंभरावा भाग. आज जगभर बहुतेक ठिकाणी १०० ते १५० मायक्रोग्रॅम हाच पल्ला आहे. एवढ्या डोसला निरोगी तरुण बाईचा श्वास मंदावणं अगदी दुर्मीळ आहे, पण ती खूप स्थूल असेल, तिला झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल किंवा वरून झोपेची औषधं चालू असतील तर लक्ष जास्त ठेवायचं असतं. उतारा म्हणून नालोक्सोन हाताशी लागतं.

आता खाजेबद्दल, कारण यावरच जास्त प्रश्न आले होते.

माझ्या वहिनीचं सिझर उपनगरातल्याच एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये झालं. संध्याकाळी ती नाक चोळत होती, मग गाल, मग छाती. टाक्यांचं फारसं दुखत नव्हतं, पण खाजेने जीव नकोसा. आईचं निदान: डोहाळजेवणात बाहेरचं खाल्लं. मावशीचं निदान: दृष्ट. मिठाने उतरवून झालं. एका नर्सने एव्हिलचं इंजेक्शन दिलं, त्याने वहिनी तीन तास झोपली, आणि उठून पुन्हा नाक चोळायला लागली. रात्री ड्युटीवरच्या डॉक्टर बाईंनी शांतपणे सांगितलं, 'पाठीत मॉर्फिन होतं, त्याची खाज आहे, अ‍ॅलर्जी नाही, उद्या सकाळपर्यंत जाईल.' गेली.

हे आधी कोणी सांगितलं असतं तर तिची अर्धी भीती गेली असती. पाठीतून मॉर्फिन दिलेल्या बाळंतिणींमध्ये निम्म्याहून जास्त जणींना खाज येते, आणि ती बहुतेकदा नाकाभोवती, चेहऱ्यावर. ती गांध्या उठणाऱ्या अ‍ॅलर्जीची खाज नाही, म्हणून अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी फारसा फरक पडत नाही, फक्त गुंगी येते. २०११ मध्ये सेंट लुइसच्या झोउ-फेंग चेन यांच्या गटाने उंदरांमध्ये दाखवलं की मज्जारज्जूत वेदना थांबवणारा रस्ता आणि खाज सुरू करणारा रस्ता वेगवेगळे आहेत, मॉर्फिन दोन्हीकडची बटणं दाबतं. खाज असह्य असेल तर नालब्युफिनसारखं औषध थोड्या प्रमाणात देतात, ते खाज कमी करतं आणि दुखणं परत येऊ देत नाही.

बाकीचे त्रास पटकन. मळमळ आणि उलटी होते, त्यावर ऑन्डान्सेट्रॉन, म्हणजे आपलं एमसेट. लघवी अडू शकते, पण सिझरमध्ये नळी असतेच, त्यामुळे ती काढल्यानंतर लक्ष ठेवायचं. दूध पाजण्याबद्दल विचाराल तर इतक्या सूक्ष्म डोसमधून दुधात जाणारं प्रमाण नगण्य असतं.

आता माझ्या मुख्य प्रश्नाकडे येते. माझ्या दोन मैत्रिणी, एक बोरिवलीची, एक घाटकोपरची, दोघींचं सिझर छोट्या नर्सिंग होममध्ये झालं. दोघींनाही मॉर्फिन मिळालं नाही. भूल उतरली तशी पहिली रात्र डायक्लोफेनॅकची सपोझिटरी आणि ट्रॅमाडॉलवर काढली, आणि कूस बदलताना रडल्या. 'सिझर म्हणजे दुखणारच' हे दोघींना घरूनही ऐकायला मिळालं. एकीच्या सासूबाईंनी पुढे जोडलं, 'आम्ही कळा सोसल्या, तुमचं तर कापून काढलं.'

एनएफएचएस-५ प्रमाणे महाराष्ट्रात चारातलं एक मूल सिझरने जन्मतं, नेमका आकडा २५.४ टक्के. देशाचा २१.५. म्हणजे हा थोड्या बायकांचा प्रश्न नाही.

पहिला संशय कायद्यावर जातो आणि तो अगदी चुकीचा नाही. १९८५ मध्ये एनडीपीएस कायदा आला. रोख अमली पदार्थांच्या चोरट्या व्यापारावर होता, पण परवान्यांचं जाळं आणि किमान दहा वर्षांची शिक्षा यामुळे हॉस्पिटलं आणि औषध दुकानं घाबरली. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला, १९९७ मध्ये तो १८ किलोवर आला. हाच देश त्या वेळी जगातल्या औषध कंपन्यांना कायदेशीर अफू विकत होता! नीमच आणि गाझीपूरचे सरकारी अफू कारखाने चालू होते. नीमच म्हणजे पुन्हा माळवाच. कर्करोगाचे रुग्ण तळमळत होते. १९८६ मध्ये वांद्र्याला डॉ. लुईस जोसे डिसोझा यांनी शांती आवेदना सदन सुरू केलं, देशातलं पहिलं हॉस्पिस, ते याच काळात. २०१४ मध्ये कायदा बदलला, मॉर्फिन आणि फेंटानिलसकट सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि परवान्यांचं जाळं एका मान्यतेवर आलं.

पण मला हिशोब मांडायची सवय आहे. १८ किलो म्हणजे १ कोटी ८० लाख मिलिग्रॅम. सिझरला लागतो ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे सगळ्यात वाईट वर्षातलं मॉर्फिनसुद्धा १८ कोटी सिझरना पुरलं असतं. दहा मिलिग्रॅमची अँप्युल फोडून उरलेलं सगळं फेकलं असं धरलं तरी १८ लाख बायका. तेव्हा बाळंतिणीपुरता प्रश्न मालाच्या तुटवड्याचा नाही. शिवाय फेंटानिलही त्याच कायद्याखाली येतं, आणि ते बऱ्याच ठिकाणी वापरलं जातं. मग मॉर्फिनच का नाही?

याचं उत्तर मला एका भूलतज्ज्ञ काकांनी दिलं. ते स्वतंत्रपणे काम करतात, म्हणजे सकाळी मुलुंडला सिझर, अकराला भांडुपला हर्निया, दुपारी घाटकोपर. त्यांचं म्हणणं असं: 'मी बाराला निघून जातो. मॉर्फिनचा धोका रात्री. तेव्हा दर तासाला श्वास मोजणारी नर्स आहे का, हे मला माहीत नसतं. म्हणून मी फेंटानिल देतो, ते माझ्यासमोरच उतरतं.' दुसरी गोष्ट, पाठीत द्यायचं मॉर्फिन प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं लागतं, ते दर वेळी मिळेलच असं नाही. तिसरी, दहा मिलिग्रॅमच्या अँप्युलमधून ०.१ काढायचं म्हणजे पातळ करून, मोजून. एक शून्य चुकलं की दहापट. आमच्याकडे असा बग आला तर पेमेंट अडकतं. त्यांच्याकडे श्वास अडकतो. मला त्यांचं म्हणणं पटलं, आणि तरी रागही आला. कारण यातलं काहीही बाईच्या शरीराशी संबंधित नाही. रात्रपाळीला एक नर्स जास्त ठेवण्याचा हा प्रश्न आहे.

सगळ्यात विचित्र गोष्ट भूगोलाची. देशभर पाठीत वापरलं जाणारं बधिरतेचं 'अनाविन हेवी' बनवणाऱ्या निऑन लॅबोरेटरीजचं ऑफिस अंधेरी पूर्वेला महाकाली केव्हज रोडवर आहे. मॉर्फिनच्या गोळ्या आणि इंजेक्शनं बनवणारी रुसान फार्मा कांदिवलीच्या चारकोपची. मैत्रिणीचं बोरिवलीचं नर्सिंग होम तिथून रिक्षाच्या अंतरावर.

कंबरदुखीबद्दल विचारलं होतं, तेही सांगते. 'सिझरच्या इंजेक्शनने आयुष्यभर कंबर धरते' हे प्रत्येक घरात ऐकू येतं. सुई टोचलेल्या जागी काही दिवस दुखतं हे खरं. पण पाठीतल्या भूलेमुळे दीर्घकाळची कंबरदुखी होते असं अभ्यासांत सिद्ध झालेलं नाही. ज्यांना हे इंजेक्शन मिळालंच नाही त्या बायकांचीही बाळंतपणानंतर कंबर दुखते, कारण नऊ महिने वाकलेला कणा आणि नंतर बाळाला कडेवर घेऊन केलेली कामं.

तुमच्या घरी कोणाचं सिझर ठरलं असेल तर भूलतज्ज्ञ आधी एकदा भेटतात का ते विचारा, आणि भेटले तर तीन गोष्टी विचारा: पाठीत काय काय देणार, रात्री श्वास कोण बघणार, खाज आली तर काय करणार. ते चिडत नाहीत. काकांनी तर सांगितलं की वीस वर्षांत हे विचारणारे नातेवाईक त्यांना दोनदा भेटले, आणि दोन्ही वेळा विचारणारी पेशंटची आई होती.

पुढचा भाग गिरणगावातल्या पाळणाघरांवर. बाळागोळीबद्दल आजीकडून काही ऐकलं असेल तर नक्की पाठवा, आवाजात पाठवलंत तर आणखी छान.